झाकणाची बादली

एरवी बाळाचा लंगोट ओला झाला की लगेच धुऊन टाकणारी वहिनी. पण चार दिवस झाले, मोरीतली झाकणाची बादली तशीच होती. नणंदेने झाकण उचललं आणि तिला नाकच धरावं लागलं. जुन्या चादरी फाडून शिवलेले ते अकरा लंगोट तिने चोळले, उकळले, पुन्हा चोळले आणि कडक उन्हात वाळत घातले.

"वहिनी, निस्तरलं बरं का मी सगळं. तुला बोटही लावायला नको."

वहिनी धावतच दोरीपाशी आली. एकेक लंगोट ओढून नाकाशी धरत गेली. अकराव्यालाही नुसता साबणाचाच वास आला, तशी तो हातात धरूनच ती नणंदेकडे वळली.



"वन्सं, बाळाचं तेवढंच उरलं होतं हो घरात."