भागीच्या पाटल्या

"पाटल्या काढून ठेव गो आधी," लडकू दारातूनच म्हणाला.

भागी पुतणीच्या हळदीला निघाली होती. पदर खोचता खोचता थांबली.

"सोनं कुठं हळदीनं खराब होतं?"

"नक्षीत हळद बसली का निघत नाय."

ती हसली. पाटल्या काढून तिनं त्याच्या हातावर ठेवल्या. लडकूनं त्या मऊ कापडानं पुसल्या, कापसात गुंडाळल्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या.

त्याची ही सवय किन्हवलीत साऱ्यांना ठाऊक होती. बायका आपापल्या नवऱ्यांना त्याचं नाव घेऊन टोमणे मारत. भागी म्हणायची, "मला कदी येवढं जपलं नाय यांनी."

सगळे हसत. लडकू उठून गोठ्याकडे जायचा. त्या पाटल्या पितळेच्या होत्या.

सोन्याच्या पाटल्या भागीनं माहेराहून आणल्या होत्या. एकीचा सांधा उकलला, तेव्हा मुरबाडच्या सोनाराकडे न्यायला म्हणून तिनं दोन्ही नवऱ्याच्या हाती दिल्या. त्या दिवसांत कमळाकर नावाचा त्याचा दोस्त मागे लागला होता. मुरबाड-कल्याण लाइनीवर जुनी जीप टाकू, निम्मा वाटा तुझा. लडकूनं पाटल्या विकल्या. कल्याणला पितळी दागिन्यांच्या दुकानातून तशाच घडणीच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या पाटल्या घेतल्या आणि सांधा जोडून आणला म्हणून बायकोच्या हातात घातल्या. जीप कमळाकरची, आपण नुसता ड्रायव्हर, असं घरी सांगितलं. हाती पैसा आला की खऱ्या घडवायच्या होत्या. पुढच्याच पावसाळ्यात जीप सरळगावच्या पुढं उलटली आणि भंगारात गेली. कमळाकर गुजरातला भावाकडं निघून गेला.

दुकानदारानं बजावून सांगितलं होतं. साबण, घाम, अत्तर लागू द्यायचं नाही. काढल्यावर कोरड्या कापडानं पुसायच्या, हवा लागू द्यायची नाही. एवढं करूनही मुलामा वर्षभर टिकेल, मग पितळ काळवंडेल आणि मनगटाला हिरवा डाग पडेल. लडकूनं आतल्या बाजूनं नखांचं बिनरंगी पॉलिश फिरवलं. भागीला भाताच्या आवणीत पाटल्या घालू दिल्या नाहीत, भांडी घासताना घालू दिल्या नाहीत.

वर्ष गेलं. मग कितीतरी वर्षं गेली. लेक रंजिता लग्न होऊन आटगावला नांदायला गेली. मुलाची, हरेशची, बायको छाया घरात आली. पाटल्या पिवळ्याजर्दच राहिल्या. लडकूला वाटायचं, आपल्या हाताला गुण आहे.

गेल्या दिवाळीनंतर भागीला दम लागायला लागला. विहिरीवरून कळशी आणताना ती वाटेत बसायची. कल्याणच्या डॉक्टरानं तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लवकर करा. सरकारी दवाखान्यात तारीख फार लांबची मिळाली. खासगीचा खर्च हरेशच्या आवाक्यातला नव्हता. तो कंपनीत कंत्राटावर होता.

घरी आल्यावर तो आईजवळ बसला.

"आये, पाटल्या मोडू. बाकीचं मी बघतो."

लडकू भिंतीला टेकून बसला होता. आता सोनार, आता काटा, आता साऱ्यांसमोर.

"पाटल्यांना हात लावायचा नाय," भागी म्हणाली.

"जिवापरीस पाटल्या मोठ्या का तुला?"

"त्या रंजिताच्या हायेत. मी सरकारी तारखेला जाईन."

"बाबा, तुमी तरी सांगा तिला."

लडकूनं तोंड उघडलं. "भागी, आईक माझं..."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "माझ्या माहेरचं सोनं हाय. त्यात तुमी बोलायचं नाय."

त्याला सुटल्यासारखं वाटलं. तसं वाटल्याची लाज लगेचच आली, पण तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बोलू म्हणाला, तेव्हाही नाही. हरेश चिडून आठवडाभर आईशी धड बोलला नाही. रंजितानं आटगावहून येऊन पायाशी बसून विनवलं. भागी ऐकेना. रंजिताला तिनं चार दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवलं.

तारीख यायच्या आधीच भागी गेली. भाताचा पेंढा रचून झाला होता, ती ओट्यावर टेकली ती उठलीच नाही.

लडकू रडला नाही. लोक म्हणाले, बिचाऱ्याला धक्का बसलाय. पितळेपायी बाई मेली, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपण खरं सांगितलं असतं तर हरेशनं आदळआपट केली असती, चार शिव्या दिल्या असत्या आणि दुसरी वाट शोधली असती. विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकला असता. ती सोनं समजून पितळ राखत बसली आणि आपण तिला बसू दिलं.

तेराव्याला भावकीसमोर त्यानं पाटल्या रंजिताला दिल्या. बायकांनी डोळ्याला पदर लावला. "लेकीसाठी जीव दिलान माउलीनं," एक म्हातारी म्हणाली. हरेश उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे पांगले. लडकू ओट्यावर बसला होता. आज हरेशला सांगायचंच, असं त्यानं मनाशी धरलं होतं. कुडापलीकडच्या मोरीत नणंद-भावजय भांडी घासत होत्या. त्यांचं बोलणं त्याला स्पष्ट ऐकू येत होतं.

"ताई, सोन्याला चिंच कशाला गो लावता?" छाया विचारत होती.

रंजितानं आवाज खाली घेतला. "मुलामा कवाच गेलाय. दर आठ दिवसांनी चिंच-मीठ लावायचं, लगेच धुऊन कोरडं करायचं. आई तसंच करायची. पन बाबांच्या देखत कदी नाय करायचं, म्हनाली, मानूस लाजंनं मरून जाईल."