खुंटीवरचा कोट

आमचे हृदयाचे डॉक्टर नोकरी सोडून गेले, त्याला आठ महिने झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. बारा खाटा आणि मी एकटी नर्स. नातेवाईक धास्तावू नयेत म्हणून त्यांचा कोट दारामागच्या खुंटीवर तसाच ठेवला.

एका दुपारी तीन नंबरच्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर तपासून गेले हो. हात फार गार त्यांचे." मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळ व्हायच्या आत आजी गेल्या.

तेव्हापासून डॉक्टर ज्याला तपासतात, त्याची संध्याकाळ होत नाही.

आज सहा नंबरवर माझे बाबा आहेत. सकाळीच मी तो कोट कपाटात कोंडून कुलूप घातलं. किल्ली मुठीत आहे.

पडद्याआडून बाबांचा आवाज येतोय, "या, बसा. पोरगी उगाच म्हणते, इथे डॉक्टरच नाहीत."