वर येणारा पलंग

एन्कार्नाने पायाने पेडल दाबलं आणि पलंग सावकाश वर येऊन तिच्या कंबरेशी थांबला. दारात उभ्या असलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. याच पलंगांसाठी त्या दोन उन्हाळे हॉटेलच्या दारात पातेली बडवत धरणं धरून बसल्या होत्या. मायोर्का बेटावर सुट्टीला येणाऱ्यांना समुद्र आठवतो. त्यांच्या खोल्या आवरणाऱ्यांना कंबर आठवते.

मालक बार्तोमेउ स्वतः बघायला आले होते. जरा अंथरून दाखवा, म्हणाले.

आता एन्कार्नाला राहवेल तर शपथ. सबंध बेटावर आपल्यासारखा पलंग कुणी अंथरत नाही, हा तिचा जुना तोरा. तिने एका झटक्यात चादर पसरली, कोपरे दुमडून खोचले, उशा थोपटल्या. वाकायचं नव्हतं म्हणून हात आणखीच चालले. सुरकुती शोधून सापडली नसती. तिची कामातली जुनी जोडीदारीण मार्गालिदा मागून डोळ्यांनी दटावत होती, पण तिकडे बघतंय कोण?

मालकांनी घड्याळ पाहिलं. मग फार गोड आवाजात सांगितलं, की बायकांचा त्रास कमी झाला याचा त्यांना आनंद आहे, आणि आता प्रत्येकीला रोज चार खोल्या जास्त जमायला हरकत नाही.

"मालक, कंबर वाचावी म्हणून मागितला होता हा पलंग," एन्कार्ना म्हणाली.

"वाचली ना? मग ती आता वापरू या."

जिन्यात कुणी तिच्याशी बोललं नाही. मार्गालिदा तेवढी म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. जरा रेंगाळायचं होतंस गं." एन्कार्नाला रडू फुटलं. तिला नुसतं चांगलं काम करून दाखवायचं होतं.

ऑगस्टमध्ये हॉटेल तुडुंब भरलं. पलंग वर यायला वेळ लागे, खाली जायलाही लागे, आणि तो वेळ त्या चार खोल्यांनी खाल्ला. पेडलला पाय लावणं एकेकीने सोडून दिलं. सगळ्या पूर्वीसारख्याच वाकू लागल्या, फक्त जास्त वेळा.

एका दुपारी चादर खोचता खोचता एन्कार्नाच्या कंबरेत कळ आली आणि ती तशीच अडकली, दोन्ही हात गादीवर टेकून. हाक ऐकून मार्गालिदा शेजारच्या खोलीतून धावत आली. तिने खांद्याला धरून उठवू पाहिलं, तर एन्कार्ना कळवळली. शेवटी मार्गालिदाने पेडल दाबलं. पलंग हळूहळू वर येऊ लागला, आणि त्यावर रेललेली एन्कार्नाही तसूतसूने सरळ होऊ लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मार्गालिदाने दाराबाहेर उभ्या केलेल्या आपल्या चादरींच्या गाडीकडे एकदा पाहिलं.

"लवकर उभी राहा गं बाई," ती म्हणाली. "याला परत खाली न्यायचंय."