बाहीतलं तेल

डोळे मिटा आणि एक खोली मनात उभी करा. नॉर्वेचं उत्तर टोक, जानेवारी महिना. भर दुपार आहे, तरी खिडक्यांबाहेर काळोख, कारण इकडे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. खोलीच्या मधोमध उन्हासारखा उजेड टाकणारा एक मोठा दिवा. त्याच्याभोवती स्टुलांवर मुलं गोल करून बसलीत. अंगात फक्त चड्डी, डोळ्यांवर काळे चष्मे आणि पाय सगळ्यांचे धनुकलीसारखे वाकलेले. मुडदूस झालेल्या मुलांचं हे इस्पितळ.

दिसली खोली? आता दाराजवळच्या स्टुलावरची मुलगी बघा. ती तोर्दिस, सहा वर्षांची. ती रडतेय, पण काळ्या काचेमागचं रडणं कुणाला दिसत नाही.

"हिच्या पायांतून बकरी जाईल," शेजारचा आस्लाक म्हणाला.

"आणि तुझ्या पायांतून गाय," पलीकडून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तोर्दिस हसली नाही.

दिवा मालवला की कपडे चढवायचे आणि रांगेत उभं राहून चमचाभर माशाचं तेल प्यायचं. बाकीची मुलं नाक दाबून गिळत. तोर्दिस नाक दाबत नसे. चमचा तोंडात घेऊन, ओठ घट्ट मिटून ती आपल्या खाटेकडे निघून जाई.

आज सिस्टर गुडवेग तिच्या मागोमाग गेल्या. तोर्दिसने बाही तोंडाशी धरली होती आणि लोकरीवर पिवळा डाग पसरत होता.

"रोज हेच चालतं?"

तोर्दिसने होकारार्थी मान हलवली.

"तरीच. बाकीच्यांची हाडं टणक व्हायला लागली, तुझीच मऊ कशी, म्हणून डॉक्टर डोकं खाजवत बसलेत. वसंतापर्यंत पाय सुधारले नाहीत तर हाड कापून सरळ बसवावं लागेल. मग बाबा न्यायला आले तरी तुला जाता येणार नाही. कळतंय का?"

तोर्दिसने ओली बाही मुठीत धरली.

"इतकं वाईट लागतं का गं ते?"

"नाही." तोर्दिसने बाही छातीशी घेतली. "बाबांचा वास येतो त्याला."

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. तोर्दिसचे बाबा दूरच्या बेटावर कॉड माशांची कलेजी वाफवून तेल काढायचे. त्यांच्या दाढीला, स्वेटरला, हातांना तोच वास असे. बोटीने येऊन ते तिला इथे सोडून गेले होते. भेटीला यायची कुणालाच परवानगी नव्हती.

"तेल काढणाऱ्याची पोर तू. घरी कधी चमचाभर दिलं नाही कुणी?"

"ते विकायचं असतं," तोर्दिसने त्यांना समजावलं. "आम्ही नाही पीत."

सिस्टरांनी तिच्या बाहीवरच्या डागावरून बोट फिरवलं.

"रात्री मी बाही नाकाशी घेऊन झोपते," तोर्दिस म्हणाली. "पण शनिवारी तुम्ही कपडे नेता. परत येतात तेव्हा त्यांना साबणाचा वास येतो."

सिस्टर उठल्या. बाटली आणि चमचा घेऊन परत आल्या. काठोकाठ चमचा भरून त्यांनी तिच्यापुढे धरला.

"बाही धुतली जाणारच, बाळ. गिळलंस तर ते तुझ्या हाडांत जाईल. हाडं काही आम्ही धुवायला नेत नाही."

तोर्दिस बराच वेळ चमच्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं आणि गिळलं. सिस्टर बाटलीला बूच लावत असताना तिने दोन्ही हातांची ओंजळ तोंडावर धरली, तिच्यात हळूच श्वास सोडला, आणि डोळे मिटून तोच श्वास पुन्हा नाकाने आत ओढून घेतला.