कोंबड्यांची हाक

दवाखान्यातल्या दूधपेढीच्या बाटलीवर दूध देणाऱ्या बाईची सवय लिहिलेली असायची, कारण ती सवय दुधातून बाळात उतरायची. रेवतीच्या बाळाच्या बाटलीवर लिहिलं होतं: रोज कोंबड्यांना हाका मारते.

"आऽ, ती-ती-ती!" काचपेटीवर वाकून रेवती म्हणायची. नऊशे ग्रॅमचं तिचं बाळ पाय नाचवायचं. बाळंतपणापासून रेवतीला ना हसू आलं होतं, ना रडू.

"सिस्टर, हे माझ्यावर कधी जाणार हो?"

"तुमचं दूध येऊ द्या की!"

बाळ दोन किलोंचं झालं, तेव्हा कुठे रेवतीला दूध आलं. बाळ पोटभर प्यालं.

"आऽ, ती-ती-ती."

पाय हलले नाहीत. बाळ छताकडे बघत राहिलं. हसलं नाही, रडलंही नाही.

"बघा, गेलं की नाही आईवर!" सिस्टर म्हणाल्या.

रेवतीही छताकडेच बघत होती.