उतरल्यावर

वृद्धाश्रमातल्या पलंगावर पांघरुणाच्या घड्या अगदी सारख्या रुंदीच्या होत्या, पॅराशूटच्या असतात तशा. काका युद्धात पॅराशूटने उतरले होते. त्यांच्या सन्मानार्थ उद्या पुतणी विमानातून उडी मारणार होती. तेच सांगायला ती आली होती.

"छत्री जरा मोठी माग हो, तुझं वजन बघता!" काका हसले.

"तुम्हाला भीती नाही वाटायची, काका?"

"उडीची नाही गं. उतरल्यावर न्यायला कोणी येईल ना, एवढीच."

घराची डागडुजी होईपर्यंत म्हणून तिनेच त्यांना इथे आणलं होतं. डागडुजी संपून वर्ष झालं होतं. काकांचे कपडे मात्र अजून बॅगेतच होते.

तिने बॅग उचलली.

"काका, चपला घाला. आपण घरी जातोय."