सगळ्यात जड

"यातला सगळ्यात जड कोणता?" वडिलांनी विचारलं, आणि विक्रेत्याला हसू आवरेना.

गेमिंग लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पडदा बघतं, वेग विचारतं. वडील पडले सुतार. त्यांनी एकेक लॅपटॉप फळी जोखावी तसा उचलून पाहिला आणि शेवटी एक काळा धोंडा पसंत केला. मग खिशातून टेप काढून त्याची लांबी-रुंदी घेतली. "बसतो. टेबलात बरोबर बसतो."

ते टेबल त्यांनी महिनाभर खपून लेकीच्या खोलीत भिंतीलाच ठोकून बसवलं होतं. लेक गेममधली माणसं, राक्षस, किल्ले रंगवायची. त्याच कामासाठी परगावच्या कंपनीनं तिला नोकरी दिली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि हे वडिलांना चांगलं ठाऊक होतं.

"बाबा, मला हा हलका हवाय. काम तेच करतो, किंमतही तीच."

"हलकं लाकूड टिकत नाही."

"हे लाकूड नाहीये."

"मग घरूनच काम करते म्हणावं त्यांना. हल्ली सगळेच करतात."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिला वाटलं होतं, बाबा हौसेनं टेबल करतायत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे मला नेता येऊ नये म्हणून जड हवाय तुम्हाला?"

विक्रेता उगाच मागच्या कपाटाची काच पुसू लागला.

"तुझ्या दादाला हलकाच घेऊन दिला होता." वडिलांचाही आवाज चढला. "गेला काखोटीला मारून. आला का परत?"

"लॅपटॉपमुळे नाही गेला दादा. तुमच्या या असल्या वागण्यामुळे गेला."

बोलून गेली, पण तिला जराही वाईट वाटलं नाही. उलट इतकी वर्षं आपण हे गिळून बसलो याचाच राग आला. ती विक्रेत्याकडे वळली.

"हाच बांधा, जडच द्या. पाठीवर टाकून सोमवारी जाईन. रोज ऑफिसला नेईन आणि रोज आणीन."

"ताई, याचा चार्जर वेगळा असतो," विक्रेता चाचरत म्हणाला. "तोही विटेएवढा आहे."

"तोही द्या."

वडिलांनी तो काळा लॅपटॉप पुन्हा एकदा उचलला. या वेळी बराच वेळ हातात धरून ठेवला.

"हट्टी मेली," ते पुटपुटले. मग लॅपटॉप काउंटरवरून मागे सरकवला आणि लेकीकडे न बघता विक्रेत्यावरच खेकसले, "तो हलका काढा. हिची पाठ दुखते."